केलंस ते सांग, पोरी: हाताने शिकवणाऱ्या शाळांची गोष्ट

 

आजची गोष्ट शाळेची आहे. पण नेहमीच्या शाळेची नाही. आपल्या महाराष्ट्रात काही लहान लहान शाळा अशा आहेत, जिथे पुस्तकाच्या जोडीला करवत असते, हातोडी असते, विळा असतो, चूल असते, वजनकाटा असतो. लेकरं तिथे एखादी वस्तू करून बघतात. आणि मग एक दिवस चार माणसांसमोर उभं राहून सांगतात की आम्ही हे केलं, असं केलं, एवढा खर्च आला, इथे फसलं आणि मग असं दुरुस्त केलं.

त्या दिवसाला कुणी प्रदर्शन म्हणतं, कुणी प्रकल्प सादरीकरण म्हणतं. आपल्याला बोलावणं आलं तर आपण काय म्हणतो? पोरांचा खेळ आहे, बघू नंतर, आज कापूस वेचायला जायचंय. आमचं म्हणणं असं की अर्धा रोज बुडाला तरी त्या दिवशी जावं. का जावं, ते कळायला जवळपास पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल. चला, जाऊ या.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत आहे. पुढे त्यांनी ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या लेकरांसाठीही शाळा काढल्या. त्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातली पोर होती. वय चौदा. शिकून जेमतेम तीन वर्षं झाली होती. १८५५ साली तिने एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ नावाच्या पत्रात छापून आला. त्यात तिने मांग-महारांचं दुःख मांडलं. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हेही तिने लिहिलं.

आता बघा, बाळंतपण काही नवीन नव्हतं. गरिबीही नवीन नव्हती. पण पोर उभी राहिली, जे पाहिलं ते तिने स्वतःच्या शब्दांत मांडलं, आणि लोकांना ऐकावं लागलं. शाळेने तिला दिलं ते हे. अनुभव तर तिच्याकडे होताच, त्याला शाळेने बोलायला जागा दिली.

याच जोतीरावांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. गावच्या शाळेत काय शिकवावं, ते त्यांनी लिहून दिलं. मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, इतिहास-भूगोल थोडा यावा, आणि त्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचंही ज्ञान मिळावं. मास्तर कसे असावेत, तेही सांगितलं. शेतकरी समाजातून आलेले असावेत, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणारे नसावेत. म्हणजे हाताला काम आणि डोक्याला विचार, या दोन गोष्टी शाळेने वेगळ्या करू नयेत, ही मागणी आपल्याकडे फार जुनी आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. इकडे तेव्हा इंग्रजांचं नाही, निजामाचं राज्य होतं. आपल्या गावाला जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात. हिमायतनगर हे नाव त्याच काळाची आठवण आहे. राज्याचा कारभार उर्दूत चालायचा आणि वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दूच. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. उर्दू गोड भाषा आहे, आपल्या कितीतरी बहिणींच्या घरची भाषा आहे. पण ज्या लेकराच्या घरी मराठी, तेलुगू किंवा गोरमाटी बोलतात, त्याला केलेलं काम दुसऱ्या भाषेत सांगायला लावलं तर ते काय करील? हाताला येतं, पण तोंड उघडत नाही, असं होतं.

म्हणून त्या काळात मराठवाड्यातल्या काही माणसांनी स्वतःच्या शाळा काढल्या. धाराशिवकडच्या हिप्परगा गावात १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांच्या नावाचं विद्यापीठ आज नांदेडला आहे, ते पुढे याच शाळेत शिकवायला होते. निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा त्यांनी नंतर उभारला, त्याआधी कितीतरी वर्षं ते मास्तर होते. आडगावातल्या लहान शाळेतून काय निघू शकतं, हे त्यावरून कळतं.

आता पैनगंगा ओलांडू. यवतमाळच्या पुढे वर्धा. तिथे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला महात्मा गांधींनी देशभरातल्या शिक्षणाच्या जाणकारांची परिषद बोलावली. तिथे ठरलं की सात वर्षं शिक्षण सगळ्यांना मोफत आणि सक्तीचं असावं, मातृभाषेतून असावं आणि एखाद्या हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेलं असावं. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. हेच झाकीर हुसेन पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला नई तालीम म्हणतात. सेवाग्रामला तशी शाळा निघाली आणि आशादेवी व आर्यनायकम् या जोडप्याने ती चालवली.

त्या शाळेत लेकरं टकळीवर सूत काततात म्हटल्यावर वाटेल, यात शिक्षण ते काय? पण नीट बघा. सूत किती हात निघालं ते मोजायचं. त्याचं वजन करायचं. तेवढ्याच वजनात लांबी जास्त भरली तर सूत बारीक, कमी भरली तर जाडं. इथे गुणाकार-भागाकार आला. कापूस कुठल्या मातीत येतो, तिथून भूगोल आला. आपला कापूस परदेशी का जायचा आणि कापड होऊन परत का यायचा, तिथून इतिहास आला. शिवाय तिथली मुलं स्वतःमधून मंत्री निवडायची. कुणाकडे स्वयंपाकघर, कुणाकडे सफाई, कुणाकडे बाग. आणि सगळ्यांच्या आमसभेत उभं राहून आपल्या कामाचा अहवाल द्यायचा. काम केलं एवढ्यावर सुटका नव्हती, ते सगळ्यांना सांगावंही लागायचं.

पण बायांनो, ही गोष्ट एवढी सरळ नाही. लोकांनी हरकत घेतली, आणि हरकत खोटी नव्हती. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, असं गांधीजींना वाटत होतं. तेव्हा परिषदेतच विचारलं गेलं, मग ही शाळा राहील की कारखाना होईल? झाकीर हुसेन समितीनेही अहवालात इशारा दिला की कमाईवर भर दिला तर शिकणं मागे पडेल.

याहून मोठी शंका जातीची होती. कुंभाराच्या लेकराने मडकीच करायची आणि चांभाराच्या लेकराने चपलाच शिवायच्या, मग शाळा कशाला? ही नुसती भीती नव्हती. १९५३ साली तेव्हाच्या मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी एक योजना आणली. मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात आई-बापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि त्यांच्यासारखे कितीतरी लोक उठले. ही तर जातीच्या धंद्याची शाळा आहे, असं म्हणाले. १९५४ साली राजगोपालाचारींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि त्यांच्यामागून आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली.

आपल्या गटातल्या किती तरी बाया हेच म्हणतात. माझ्या पोरीने शेण काढलं, तूर उपटली, ऊसतोडीला येऊन मोळ्या बांधल्या. शाळेतसुद्धा हातकामच शिकवणार असाल तर ती घरीच बरी. मला तिला खुर्चीवर बसलेली बघायचंय. या बाईला कुणी अडाणी म्हणू नये. तिने आयुष्यभर हाताने काम केलंय आणि त्याला किंमत मिळाली नाही, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

मग मजुरीत आणि शिकण्यात फरक काय? आम्ही यावर पुष्कळ बोललो. आम्हाला असं दिसतं की मजुरीत काम सांगणारा दुसरा असतो आणि ‘का’ असं विचारायची सोय नसते. शिकण्यात लेकरू विचारतं, करून बघतं, चुकतं, मोजतं, आणि शेवटी सांगतं. मद्रासच्या योजनेत करणं होतं, पण त्यावर विचारणं आणि सांगणं शाळेत कुठे होणार होतं? ती शाळा तर अर्ध्यावर आणली होती. दुसरा फरक हा की एकच धंदा, तोही जन्मावरून मिळालेला, शिकवला तर ते बांधणं झालं. सगळ्यांच्या लेकरांनी सगळी कामं शिकली तर ते मोकळं करणं झालं.

हे मोकळं करणं दोन बायांनी करून दाखवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ साली त्या ठाण्याच्या बाजूला समुद्राकाठच्या बोर्डी गावात गेल्या, तिथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेलं. तिथली लेकरं शाळेत येईनात, कारण कुणाला गुरं राखायची होती, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं. मग या बायांनी शाळाच लेकरांकडे नेली. वस्तीच्या अंगणात बालवाडी भरली, तिला अंगणवाडी म्हटलं. गुरं चरतात त्या कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. शिकवायला विकतचं सामान नव्हतं. बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या, दगड, जे आजूबाजूला आहे त्यानेच मोजणं आणि ओळखणं सुरू झालं. आपल्या गावातली अंगणवाडी ताई आज रंगीत खडे घेऊन लेकरांना बसवते, त्यामागे या दोघींचं काम आहे.

आता आपल्या स्वतःच्या शाळेतलं आठवून बघा. आपल्यापैकी ज्या सातवी-आठवीपर्यंत गेल्या, त्यांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असायचा. तो कुठून आला? १९६४ ते १९६६ या काळात डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली देशाचा शिक्षण आयोग नेमला होता. आपल्या कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. प्रत्येक मुलाने शाळेत खरंखुरं काम करावं, असं त्या आयोगाने सांगितलं. गावात शेत, कर्मशाळा आणि घर यांच्याशी जोडलेलं काम. पण आपल्यापर्यंत येईस्तोवर त्याचं काय झालं? बऱ्याच शाळांत कागदाची फुलं, नाहीतर मैदानातले खडे वेचणं. परीक्षेत त्याला वजन नाही, म्हणून मास्तरांचं लक्ष नाही, म्हणून आपलंही नाही. कल्पना चांगली होती, पण केलेल्या कामावर कुणी प्रश्न विचारले नाहीत. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

तरी काही माणसांनी ही गोष्ट सोडली नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं पाबळ गाव. पाऊस कमी, कोरडवाहू शेती, आपल्यासारखंच. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीची नोकरी सोडून तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईकांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचंच ते एक केंद्र. कलबाग सरांचं म्हणणं साधं होतं. लेकरू चालायला, बोलायला पुस्तकातून शिकत नाही, करून शिकतं. मग शाळेत आल्यावर ती रीत का सोडायची?

त्यांनी शाळा सोडलेल्या मुलांसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम केला. आणि आजूबाजूच्या नेहमीच्या शाळांत आठवड्यातला एक दिवस हातकामाला मागून घेतला. त्या दिवसाचे चार भाग. पहिला अभियांत्रिकी, म्हणजे सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम. दुसरा ऊर्जा-पर्यावरण, त्यात विजेची जोडणी वगैरे. तिसरा शेती-पशुपालन. चौथा गृह-आरोग्य, त्यात पदार्थ करणं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणंही आलं. महत्त्वाचं असं की चारही भाग सगळ्यांना. पोरीने वेल्डिंगचा चष्मा लावायचा आणि पोराने चिक्की करायची. कुणाचा जन्म कुठल्या घरात झाला, याच्याशी संबंध नाही. मद्रासच्या योजनेला दिलेलं हे उत्तरच म्हणा.

आणि काम लुटुपुटूचं नाही. गावाला लागतं तेच करायचं. विहीर कुठे खणावी हे बघायला जमिनीत वीज सोडून तपासणी करायची. लोखंडी गजांचे त्रिकोण जोडून घुमटासारखी घरं उभारायची. प्रत्येक कामाची वही ठेवायची, त्यात आकृती काढायची, सामान किती लागलं, किंमत किती, मजुरी किती, ते लिहायचं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने तिच्या आवाराबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ याच पाबळमध्ये सुरू केली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर आकृती काढून यंत्राने ती वस्तू कापून किंवा घडवून घेता येते, अशी कार्यशाळा.

पाबळ एकटं नाही. कोल्हापूरला १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढलं, लहानशी प्राथमिक शाळा, अनुभवातून शिकवणारी. सेवाग्रामची जुनी शाळा मध्ये बंद पडली होती, तिथे २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा चालते. त्यातही शेती, स्वयंपाक, सूतकताई शिकण्याचा भाग आहे.

आता परत आपल्याकडे येऊ. आपल्या लातूर-नांदेडला परीक्षेच्या तयारीसाठी सगळ्या महाराष्ट्रातून पोरं येतात. लातूर पॅटर्नचं नाव सगळीकडे आहे. गरिबाच्या पोरी त्यातून डॉक्टर झाल्या, ते आपल्याला हवंच आहे. पण दहावीला मार्क कमी पडले की त्याच घरात म्हणतात, हिला काही येत नाही, आता हिचं लग्न उरकून टाका. आमची खरी तळमळ इथे आहे. ‘हिला काही येत नाही’ हे कशावरून ठरलं? तीन तासांच्या पेपरवरून. तिच्या हाताला काय येतं, डोकं कसं चालतं, हे बघायची वेळ कुणी ठेवली का?

समजा, एका पोरीने भाजी वाळवायची पेटी केली. लाकडी खोका, आतून काळा रंग, वर काच, खाली-वर हवेला भोकं. ती सांगते की काळा रंग ऊन धरून ठेवतो, आतली गरम ओली हवा वरच्या भोकातून निघून जाते, धूळ आणि माशा बसत नाहीत. तुम्ही विचारता, किलोभर मेथीची किती उरली? ती सांगते की हिरव्या पाल्यात शंभरातले ऐंशी-नव्वद भाग पाणीच असतं, मी वाळवण्याआधी आणि नंतर वजन केलंय, ही बघा वही. मग तुमच्यातली एखादी म्हातारी म्हणते, माय, आम्ही तर भाजी सावलीत वाळवायचो, उन्हात रंग उडतो. पोर गप्प होते. विचार करते. म्हणते, आजी, पुढच्या वेळी काचेवर फडकं टाकून बघते.

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यात सगळं आलं. पोरीला कळलं की आपलं काम कुणीतरी मन लावून ऐकलं. आणि म्हातारीला कळलं की आपल्याला जे येतं, तेही ज्ञान आहे. हळद शिजवून कधी काढायची, बियाणं राखेत का ठेवायचं, धान्यात कडुनिंबाचा पाला का घालायचा, गोधडीचे तुकडे कसे जुळवायचे, हे आपण आयुष्यभर केलं. पण ‘तू हे का करतेस, सांग बरं’ असं आपल्याला कुणी उभं करून विचारलं नाही. आपल्या लेकींच्या बाबतीत तसं होऊ नये.

२०२० च्या नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडून शिकायचं आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळेत हे दिवस कधी होणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. त्या समितीत पालक असतात, त्यात बायाही असतात. त्या दहा दिवसांत शिकवायला गटातल्या बायांना बोलवा म्हणावं. मात्र पोरींना रांगोळी आणि पोरांना यंत्र, अशी वाटणी झाली तर तिथेच अडवा.

आणि लेकरांनी केलेलं दाखवायचा दिवस ठेवा असा आग्रह धरा. तो ठेवला की नुसत्या टाळ्या वाजवून परतू नका. प्रत्येक लेकराला पाच गोष्टी विचारा. काय केलंस? का केलंस? खर्च किती आला? कुठे फसलं? पुढच्या वेळी काय बदलशील? पोर लाजेल, अडखळेल. थांबा. मधेच तुम्ही उत्तर देऊ नका, तिच्या भावालाही देऊ देऊ नका. घरची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत सांगू द्या.

पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावच्या शाळेत कोण जाणार, कधी जाणार, एवढं ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. आमची रजा घेतो. नमस्कार.